कमी धावलेली गाडी



पुण्या-नागपुराकडे 'मायलेज' म्हटले की एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हाच अर्थ घेतला जातो. गाडी आजवर एकूण किती फिरली हे जाणून घ्यायचे असेल, तर "रनिंग किती झाले?" असे विचारतात. विलायतेत मात्र मायलेज म्हणजे गाडीने जन्मापासून तोडलेले सारे अंतर. त्यामुळे नुकतेच इकडे आलेले आपले बंधू 'लो मायलेज' अशी जाहिरात वाचतात आणि ही गाडी पेट्रोल फार पिणार, असे समजून पान उलटतात. ज्या गुणासाठी विकणारा किंमत चढवतो, तोच गुण घेणाऱ्याला दोष वाटतो. या वेळी त्या गुणाची थोडी चौकशी करावयाची आहे. कारण आपल्यातील एका कुटुंबाचा निर्णय त्यावर अडून राहिला आहे.

हे कुटुंब एजवेअरचे, आपल्या कार्यक्रमांना नियमित येणारे. गृहस्थ निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे वडील मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणे ही विद्या घरात आहे. त्यांच्यासमोर सध्या दोन गाड्या आहेत. दोन्ही एम.जी. या नावाच्या, दोन्ही दोनच माणसांच्या, आणि दोन्हींचा टप उघडून मागे दुमडता येतो. पहिली १९८० सालची एम.जी.बी. 'लिमिटेड एडिशन'. दुसरी १९९०च्या दशकातील 'आर.व्ही. ८', ती नवी असतानाच जपानला गेली आणि अलीकडे परत आली. दोन्हींचे रनिंग अतिशय कमी, आणि दोन्हींसाठी मागितलेली रक्कम इंग्लंडमधील विद्यापीठाच्या एका वर्षाच्या शुल्कापेक्षा पुष्कळ अधिक. ही तुलना आयुष्मतींनी केली, कारण मुलगी पुढील वर्षी विद्यापीठात जाणार आहे. "ही गुंतवणूक आहे," असे पतीचे म्हणणे. "गुंतवणूक असेल तर तीत बसून हिंडायचे कसे, आणि हिंडायचे असेल तर ती गुंतवणूक कसली?" असा पत्नीचा प्रश्न. दोघांनी मिळून हा प्रश्न सदराकडे पाठवला आणि नाव न घालता त्यावर लिहिण्यास संमती दिली.

प्रथम या गाड्यांची कुळकथा पाहू. एम.जी. ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावावरून आली. ऑक्सफर्डमधील विल्यम मॉरिस यांच्या या विक्री-दुरुस्तीच्या व्यवसायाची व्यवस्था १९२२ मध्ये सेसिल किंबर यांच्याकडे आली. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलकी, देखणी बॉडी चढवून ती विकायची, ही कल्पना किंबर यांची. तिला गिऱ्हाईक मिळाले आणि एम.जी. हे स्वतंत्र नाव झाले. आपल्या एजवेअरला भुयारी रेल्वे पोहोचली ती १८ ऑगस्ट १९२४ रोजी, म्हणजे त्याच काळात. दोन्ही गोष्टी एकाच सामाजिक बदलाच्या खुणा आहेत. लंडनच्या कडेची शेते घरांनी भरू लागली होती. नोकरदार मध्यमवर्ग आठवडाभर रेल्वेने शहरात जाई आणि ज्याला परवडे तो रविवारी लहानशी उघडी गाडी काढून रोमनांच्या काळापासून चालत आलेल्या वॉटलिंग स्ट्रीटने उत्तरेकडे निघे. खेळकर गाडी ही तोवर श्रीमंतांची चैन होती, एम.जी.ने ती कारकुनाच्या स्वप्नात आणून ठेवली.

१९२९ पासून एम.जी.चा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे होता. एम.जी.बी. ही गाडी तेथे १९६२ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. तिच्या १७९८ सीसीच्या इंजिनाचे कूळ 'बी-सिरीज' या नावाने ओळखले जाते. आपल्या वाचकांना या कुळाची ओळख करून द्यायला नको. याच कुळातील धाकटे, १४८९ सीसीचे इंजिन उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसवले होते, आणि अ‍ॅम्बॅसेडरचा देहही मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घेतलेला होता. मंत्रालयाच्या आवारात लाल दिव्याची गाडी सुरू होताना जो आवाज येई, त्याचा थोरला भाऊ इंग्लंडात दोन माणसांच्या उघड्या गाडीत गात होता. परळच्या फिटरच्या मुलाला ही गाडी पाहताच आपली का वाटली असेल, याचे एक कारण हे असावे.

अशा गाड्यांचे वेड आपल्याकडेही अगदीच अपरिचित नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीचा आरंभ उत्तर लंडनमधल्याच हॉर्न्सी भागातला. तिने १९५७ मध्ये काढलेल्या 'सेव्हन' या अत्यंत हलक्या उघड्या गाडीच्या धर्तीवर अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने फायबरच्या अंगाची रोडस्टर तयार केली, आणि तिला इंजिन दिले ते उत्तरकाळातील अ‍ॅम्बॅसेडरला असे तेच १.८ लिटरचे इसुझू. हॉर्न्सीची कल्पना अलिबागेत अ‍ॅम्बॅसेडरच्या काळजावर धावली, असे म्हणायला हरकत नाही.

आता 'दुर्मिळ' या शब्दाकडे वळू. सर्व प्रकार मिळून एम.जी.बी. पाच लाखांहून अधिक बनल्या. त्यांत उघड्या टपाच्या सुमारे ३ लाख ८७ हजार. यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. इतक्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मिळ कशी म्हणावी? म्हणून जाणकार लोक या कुळातील विशेष शाखा शोधतात. १९६७ ते १९६९ या काळात सहा सिलिंडरांचे इंजिन घालून बनवलेली एम.जी.सी. ही त्यांतली एक. तिच्या उघड्या गाड्या साडेचार हजारांच्या आसपास भरतात. दुसरी शाखा आपल्या कुटुंबासमोरील 'लिमिटेड एडिशन'. कारखाना बंद होताना निरोपाच्या म्हणून ब्रिटनच्या बाजारासाठी अशा एक हजार गाड्या काढल्या. बंद टपाच्या गाड्या राखाडी झाकेच्या, उघड्या गाड्या कांस्यवर्णी. कांस्यवर्णी गाड्यांची संख्या सुमारे ४२०. हा आकडा ऐकून आपल्याकडील माणूस खिसा सांभाळील, पण यात फसवणूक काही नाही. अडचण वेगळीच आहे. ही शेवटची गाडी, पुढे तिला किंमत येणार, असे ओळखून अनेकांनी ती घेतली आणि न चालवता झाकून ठेवली. जी गोष्ट पुष्कळांनी जपून ठेवली, ती जपून ठेवलेल्या अवस्थेत सापडणे हे तितकेसे दुर्मिळ राहत नाही. त्यातून १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांसाठी या गाड्यांना काळे रबरी बंपर लावले गेले आणि त्यांची उंचीही वाढवावी लागली. त्यामुळे क्रोमचे बंपर असलेल्या आधीच्या गाड्यांवर रसिकांचे प्रेम अधिक. संख्येने कमी असणे आणि मनाने हवीशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत दुसरीला मिळते.

'आर.व्ही. ८'ची गोष्ट याहून मनोरंजक आहे. एम.जी.बी. बंद झाल्यावर तिचे मूळ साचे सापडले आणि ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून तिच्या नव्या कोऱ्या बॉड्या बनवायला घेतल्या. त्या आधारावर रोव्हर कंपनीने १९९२ ते १९९५ या काळात ३.९ लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली ही गाडी काढली. एकूण जेमतेम दोन हजार बनल्या आणि त्यांतल्या दीड हजारांहून अधिक जपानला गेल्या. पुढे त्यांतील पुष्कळ परत ब्रिटनमध्ये आल्या. जपानी मालकांनी त्या फार जपून आणि फार कमी चालवलेल्या असल्यामुळे परतलेल्या गाड्यांचे रनिंग कमी असते. मात्र तेथे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते. येथे आल्यावर मीटर बदलून मैलांचा बसवला असेल, तर जुना आकडा कोठे नोंदला आहे हे पाहिल्यावाचून नव्या आकड्याला काही अर्थ नाही. जपानमधील लिलावाच्या वेळचा तपासणी-कागद आणि निर्यातीची कागदपत्रे सोबत असतील, तरच त्या कमी रनिंगवर विश्वास ठेवावा.

मीटरचा प्रश्न जुन्या एम.जी.बी.लाही आहे. तिच्या मीटरवर मैलांचे पाचच आकडे. ९९,९९९ मैल झाले की पुढे पुन्हा शून्य. अर्थात मीटरवर ८,००० मैल दिसत असतील, तर गाडी ८,००० मैल धावली असेल किंवा १ लाख ८ हजार. मीटर दोन्ही वेळा सारखाच प्रामाणिक चेहरा करील. म्हणून आकडा हा पुरावा नव्हे. पुरावा कागदांत आणि पत्र्यात असतो. गाडीच्या वार्षिक तपासणीची, म्हणजे एम.ओ.टी.ची, गेल्या दोन दशकांतील नोंद सरकारी संकेतस्थळावर नंबर घालून कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचे रनिंग तीत असते. त्याआधीची जुनी प्रमाणपत्रे मालकाने फायलीत ठेवलेली असावीत. सर्व्हिसिंगची बिले, टायरची पावती, पूर्वीच्या मालकांचा पत्रव्यवहार, हे सारे तारीखवार लावून आकडे चढत्या क्रमाने जातात की नाही ते पाहावे. मग गाडीकडे यावे. ८,००० मैल धावलेल्या गाडीच्या ब्रेक-क्लचच्या पायटांवरील रबर गुळगुळीत झालेले नसते, चालकाची सीट बसलेली नसते, चावीच्या भोकाभोवती ओरखड्यांचे जाळे नसते. दाराखालच्या पट्ट्यावर चुंबक फिरवून पाहावा. तो चिकटला नाही, तर पत्र्याच्या जागी लांबी भरून रंग दिला आहे हे ओघानेच आले. या गाडीला वेगळी चॅसी नाही. दाराखालचा तो पट्टाच तिचा कणा आहे. तो गंजलेला असेल, तर वरच्या चकाकीला काडीचीही किंमत नाही.

येथवर आपण कमी रनिंग खरे की खोटे ते पाहिले. खरे असले तरी ते चांगलेच असते का, हा पुढचा प्रश्न. यंत्र हे चालण्यासाठी घडवलेले असते आणि न चालण्याने त्याचे जे होते, ते प्रत्येक फिटरला माहीत असते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि आतून नळ्या-सिलिंडर गंजवते. बसून राहिलेली क्लच प्लेट चिकटून बसते. रबरी सील वाळून तडकतात आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर तेल गळू लागते. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर दगडासारखे झालेले असते. ओल्या रस्त्यावर ते घात करते. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटरमध्ये चिकटा धरते. कापडी किंवा रेक्झिनचा टप वर्षानुवर्षे दुमडून ठेवला, तर तो आक्रसतो आणि घडीवर चिरतो. तेव्हा '८,००० मैल, वीस वर्षे झाकून ठेवलेली' ही जाहिरात वाचताना मनात शेजारी एक यादी लिहावी: टायर, ब्रेकच्या नळ्या, सील, पाण्याचे पाइप, पेट्रोलची टाकी, टप. हा खर्च किमतीत मिळवूनच सौदा तोलावा. आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २०२१ पासून येथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबराला आणि धातूला ते मानवत नाही. त्यांना महागडे 'सुपर' पेट्रोल घालावे लागते. शिवाय एम.जी.बी.चे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या जमान्यातले; व्हॉल्व्हच्या बैठकी बदललेल्या नसतील तर पेट्रोलमध्ये पूरक द्रव मिसळणे भाग असते.

कायद्याच्या बाजूने पाहता दोन गाड्यांतील फरक डोळ्यांत भरतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या गाडीला 'ऐतिहासिक' वर्गात नोंद करून घेता येते. मग रस्ता-कर शून्य होतो, मात्र दरवर्षी शून्याचा कर भरल्याची नोंद करावीच लागते. २०१८ पासून अशा, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना एम.ओ.टी.चीही सक्ती नाही. ही सवलत दुधारी आहे, कारण तपासणी थांबली की रनिंगची अधिकृत नोंदही थांबते. मालकाने स्वेच्छेने तपासणी चालू ठेवली असेल, तर तो माणूस विश्वासाचा, असे समजण्यास हरकत नाही. लंडनचे प्रदूषण-शुल्क, अर्थात यूलेझ, २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व बरोंना लागू झाले आणि एजवेअरही त्यात आले. ऐतिहासिक वर्गातील गाडीला त्यातून सूट आहे. म्हणजे १९८० ची एम.जी.बी. एजवेअरच्या रस्त्यावर निःशुल्क फिरेल. 'आर.व्ही. ८' मात्र चाळीस वर्षांची व्हायला अद्याप अवकाश आहे आणि आजच्या निकषांत ती बसत नाही. ती गॅरेजमधून काढून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेली, तरी त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतील. तिचे रनिंग यापुढेही कमीच राहील, याची व्यवस्था महापालिकेने परस्पर केली आहे.

जुन्या गाड्यांच्या जगात 'अस्सल' हा शब्द मोठा मानाचा आहे. मूळचे इंजिन, मूळचा रंग, मूळचा टप. पण ज्या गाडीची बॉडी हेरिटेजने नव्याने घडवली, इंजिन बदलले, चाके बदलली, ती मूळचीच गाडी म्हणायची का? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मिलिंद राजा रथातून आला, तेव्हा भदंत नागसेनांनी त्याला विचारले की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का. आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. अवयव एकत्र आल्यावर आपण व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या नागसेनवनामुळे आणि तेथील मिलिंद महाविद्यालयामुळे ही दोन्ही नावे आपल्या घराघरांत आहेत. गंमत अशी की ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यालाही नागसेनांच्या मार्गाने जावे लागले. मोठे फेरफार झालेल्या गाडीचा जुना नंबर राखायचा की नाही, हे ठरवण्यासाठी त्या खात्याने अनेक वर्षे गुण मोजले: मूळची किंवा तशीच नवी बॉडी असेल तर पाच, सस्पेन्शनला दोन, अ‍ॅक्सलना दोन, गिअरबॉक्सला दोन, स्टिअरिंगला दोन आणि इंजिनाला अवघा एक. बेरीज आठ भरली तर नाव टिकले. इंजिनाला एकच गुण हे वाचून आमचे गृहस्थ दुखावले. पण 'अस्सलपणा' ही वस्तूच्या पोटात दडलेली चीज नसून माणसांनी आपसांत ठरवलेला हिशेब आहे, हे त्यातून दिसते. त्या हिशेबासाठी किती पौंड मोजायचे, हे मग शांतपणे ठरवता येते.

आता गुंतवणुकीचा मुद्दा. खाजगी मोटारगाडी विकून नफा झाला तर ब्रिटनमध्ये त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरे आहे आणि विक्रेते ते आवर्जून सांगतात. ही सूट का आहे, ते मात्र सांगत नाहीत. कायदा मोटारगाडीला झिजत जाणारी वस्तू मानतो. तीत नफा होईल अशी अपेक्षाच तो धरत नाही, म्हणून तोटा झाला तर तो अन्य नफ्यातून वजाही करू देत नाही. गाडी व्याज देत नाही, भाडे देत नाही. उलट जागा, विमा, बॅटरी, टायर आणि तेल मागते. किंमत वाढली तरी ती त्या पिढीच्या आठवणींवर वाढते, जिने तरुणपणी ही गाडी रस्त्यावर पाहिली. ती पिढी आता वृद्ध होत आहे. पुढच्या पिढीला एम.जी. म्हटले की पुण्याच्या काकांची हेक्टर आठवते, कारण ते नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. तिच्या आठवणीत कांस्यवर्णी एम.जी.बी.ला किती भाव येईल, यावर मुलीच्या शिक्षणाचे पैसे लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु म्हणून गृहस्थांची इच्छा पोरकट ठरत नाही. वाहन ही आपल्या समाजासाठी कधीच साधी वस्तू नव्हती. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना आणि सोबतच्या मुलांना पैसे देऊनही बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्याला तयार झाला तो या अटीवर, की मुलांनी गाडी हाकावी आणि तो पायी चालेल. पुढे १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सदस्य असताना चाळीसगावच्या स्टेशनवर टांगेवाल्याने त्यांना बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. त्यांचा मान जाऊ नये म्हणून वस्तीतील माणसांनी टांगा मागून आणला आणि सराव नसलेल्या एका बांधवाने तो हाकला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या दोन आठवणी त्यांनीच लिहून ठेवल्या आहेत. दोन्हींत वाहन होते, भाडे होते, रस्ता होता. नव्हता तो लगाम धरणाऱ्याशेजारी बसण्याचा साधा मान. ज्यांच्या आजोबांना ही गोष्ट ठाऊक होती, त्या माणसाला टप उघडून, चेहरा सर्वांना दिसेल असा ठेवून, स्वतः स्टिअरिंग धरून वॉटलिंग स्ट्रीटने जावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? आनंदाचाही हक्क असतो, आणि तो गरजेच्या सगळ्या वस्तू मिळाल्यावरच मागावा, असा नियम आमच्यासाठी कोणी करू नये.

नेमके याच कारणामुळे आम्ही त्यांना कमी धावलेली गाडी घेऊ नये असे सुचवतो. तिची सारी किंमत न चालण्यात आहे. तिच्यातून सेंट अल्बन्सला जाऊन आले की मीटरवरील आकडा वाढतो आणि तितकी किंमत उतरते. प्रत्येक रविवारी मालक आकाशाकडे, रस्त्यावरच्या मिठाकडे आणि मीटरकडे पाहील आणि गाडीवर पुन्हा कापड ओढील. पूर्वी दुसऱ्याने मनाई केल्यामुळे जे चालवता आले नाही, ते आता भाव उतरेल या भीतीने आपणच चालवायचे नाही, असा हा व्यवहार होईल. आयुष्मतींच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की त्यांचा प्रश्नच उत्तर आहे.

मग करावे काय? एम.जी.बी. मुबलक आहेत. लाखभर मैल प्रामाणिकपणे धावलेली, बिलांची जाड फाइल असलेली, कणा सुदृढ असलेली, रंग थोडा उडालेली १९७०च्या दशकातील गाडी त्या कांस्यवर्णी गाडीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळते. तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिलाही कर नाही, यूलेझ नाही. तिच्यावर हात काळे करता येतील. परळच्या वर्कशॉपमधून आलेली विद्या मुलीच्या हाती देता येईल. टॅपेट कसे बसवायचे, ब्रेकचे तेल कधी बदलायचे, हे तिला ठाऊक झाले तर ती पुढे कोणत्याही गॅरेजमध्ये फसणार नाही. विमा घेताना ठरीव किमतीचा घ्यावा आणि पत्नीचे नाव पहिल्या दिवसापासून चालक म्हणून घालावे. मुलीचे नाव घालायला कंपनी वयामुळे कुरकुर करील, तेव्हा आधी विचारून ठेवावे. किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांच्या घरी जायला मात्र ती काढू नये. त्यासाठी आपल्या एजवेअरहून सुटणारी नॉर्दर्न लाइन चॉक फार्मला सरळ नेऊन सोडते आणि पार्किंगचे पैसेही वाचतात.

उरलेली रक्कम मुलीच्या खात्यावर राहू द्यावी. गाडी घेतलीच, तर तिचे रनिंग दरवर्षी किती वाढले ते आम्हाला कळवावे. तो आकडा मोठा असावा, अशी आमची सदिच्छा आहे.

जयभीम.